मामाजींच्या हृदयाचा वॉल (झडप) लीक आहे, पेसमेकरचा रेट ६० वरून वाढवून घ्यावा का?

नमस्कार. आम्ही पांढरकवड्याकडे खेड्यात राहतो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, वय ७१. २०२२ मध्ये नाडी ३६ वर आली, हार्ट ब्लॉक (हृदयातले विजेचे संदेश अडणे) निघाला, नागपूरला पेसमेकर बसवला. नंतर छान होते, डवरणीच्या वेळी धुऱ्यावर बसून सगळ्यांच्या चुका काढायचे. या दिवाळीपासून दम लागतो. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, एऑर्टिक वॉल मॉडरेट लीक आला.

कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर रात्री लावते, नाडी बघायला. ६०. दहा मिनिटांनी पुन्हा ६०. बीपी १५०/५०. मानेची शीर अशी उडते की गळ्यातला दुपट्टा हलताना दिसतो.

तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, रेट वाढवून घ्या. नागपूरला मशीन तपासणारा म्हणाला, "६० नॉर्मल आहे," अन् पुढचं नाव पुकारलं. दिवसभराची एसटी आणि चार मिनिटांची तपासणी! रेट वाढवायला पुन्हा ऑपरेशन लागते का?

प्रतिसाद:
ताई, मी कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या तपासण्या-प्रक्रिया होतात तिथे) टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. ऑपरेशन लागत नाही, प्रोग्रामर नावाच्या मशीनने बाहेरूनच बदलतात. प्रत्येक कंपनीचा प्रोग्रामर वेगळा, म्हणून पेसमेकरचं कार्ड सोबत न्या.

तुमच्या डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एऑर्टिक वॉल हृदय सैल पडतं तेव्हा गळतो. ६० च्या रेटला एक ठोका १ सेकंदाचा, ८० ला पाऊण सेकंदाचा. कमी होतो तो मुख्यतः सैल पडण्याचा वेळ, म्हणून दर ठोक्याला मागे येणारं रक्त कमी. पण मायट्रल हा हृदयातला दुसरा वॉल अरुंदही असेल (एमएस) तर उलटं, तिथे रेट वाढवला की दम वाढतो. इकोत एमएस लिहिलंय का बघा.

दुसरं, दिवसा चालताना नाडी आपोआप ८०-९० होत असेल तर खालचा रेट (मशीन ज्याच्या खाली नाडी जाऊ देत नाही तो) वाढवून फरक फक्त आरामात पडेल. किती ठोके ६० वर पडतात याचा आलेख मशीनमध्ये असतो, तो डॉक्टरांना दाखवायला सांगा. बॅटरी थोडी जास्त जाते, त्यासाठी अडू नका. आणि झोपल्यावर दम लागला किंवा पाय सुजले तर तारखेची वाट पाहू नका.

धागाकर्ती:
एमएस लिहिलेलं नाही. पण पाय कालपासून सुजलेत, मी चपलेचा पट्टा रुतला समजत होते. उद्या पहिल्या गाडीने निघतो.