कमांडो लोक इतके शांत कसे काय राहतात? (सोसायटीतला किस्सा)

वाकडचा_वाटसरू
गणपतीत आमच्या सोसायटीच्या महाप्रसादाला सिलेंडरने पेट घेतला. रेग्युलेटरपाशी नळी सुटली असावी, भपकन जाळ, आचारी पळाला, मी पण पळालो खोटं कशाला बोलू, बायका पोरांना ओढतायत आणि सेक्रेटरी फायर ब्रिगेडला फोन करायचा सोडून व्हिडिओ काढतायत. बी विंगला एक काका राहतात, पॅरा एसएफमधून (लष्कराचे पॅराशूट कमांडो, एसएफ म्हणजे स्पेशल फोर्सेस) नायब सुभेदार म्हणून रिटायर झालेले, एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. ते चालत आले. चालत! बटाट्याचं गोणपाट पाण्याच्या पिंपात बुचकळलं, सिलेंडरच्या तोंडावर टाकलं, त्याच्याखालून हात घालून नॉब बंद केला, विषय संपला. मग आचाऱ्याला हाक मारून म्हणाले, "पुरीची कढई उतरवा आधी, तेल तापलंय."

तेव्हापासून आख्खी सोसायटी त्यांच्यामागे. शाल श्रीफळ झालं, पोरांचे सेल्फी झाले, आता चेअरमन म्हणतायत की मनःशांतीवर दोन शब्द बोला. काका टाळतायत. मी एकटा असताना विचारलं तर म्हणाले, "घाबरलो होतो की, नंतर हात बघायचास माझे."

तर प्रश्न असा की हे रक्तातच असतं का ट्रेनिंगने येतं? आणि माझ्यासारख्या ट्रॅफिकमध्ये बीपी वाढणाऱ्याला चाळिशीत थोडंफार तरी जमेल का?

पेन्शनर_मराठा
आधीच सांगतो मी एसएफवाला नाही, मराठा लाईट इन्फंट्रीचा. पण पॅराच्या प्रोबेशनला, म्हणजे निवडीच्या चाचणीला, व्हॉलंटियर होऊन गेलेलो आणि पाचव्या आठवड्यात परत आलेलो, त्यामुळे दुरून का होईना पाहिलंय.

आमच्या वेळी प्रोबेशन 90 दिवसांचं होतं. लोकांना वाटतं तिथे फक्त रगडा असतो, धावा, पाठीवर ओझं, चिखल. रगडा असतोच हो, पण माझी वाट लागली ती दुसऱ्याच गोष्टीने. दोन रात्री झोप नाही, स्पीड मार्च करून आलोय, पाय सोललेत, आणि उस्ताद (शिकवणारा) एकदम घरच्यासारखा प्रेमाने विचारतो, मघाशी पुलाच्या आधी किती खांब लागले? डावीकडे का उजवीकडे? तेव्हा डोकं चाललं पाहिजे. माझं नाही चाललं, बॅग भरली. माझ्यासोबतचा गडहिंग्लजकडचा एक पोरगा, अंगाने माझ्या अर्धा, तो टिकला, कारण त्याला कशाची घाईच नसायची. म्हणजे मुळात थंड डोक्याचे निवडतात आणि मग वर्षानुवर्षं तेच घोटून घेतात, दोन्ही आहे. दार कसं उघडायचं, आत कोण कुठे वळणार, हे इतक्या वेळा केलेलं असतं की खऱ्या वेळी हात आपोआप चालतात. तुमच्या काकांनी पेटता सिलेंडर विझवायची प्रॅक्टिस युनिटात नक्की केली असणार, ती आमच्या लंगरवाल्यांकडून (फौजेच्या स्वयंपाकघरातले) पण करून घ्यायचे.

अवांतर: 21 पॅरा एसएफ ही मूळची 21 मराठा, 1996 मध्ये स्पेशल फोर्सेस झाली. कर्नल संतोष महाडिक त्याच पलटणीचे, साताऱ्याच्या पोगरवाडीचे. 2015 ला काश्मीरमध्ये कुपवाड्यात शहीद झाले तेव्हा 41 आरआरचे (राष्ट्रीय रायफल्स) सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर होते, तरी स्वतः पुढे होते.

सायको_सायली
ह्यावर खरंच रिसर्च झालाय. चार्ल्स मॉर्गन म्हणून सायकियाट्रिस्ट आहेत, तेव्हा येल युनिव्हर्सिटीत होते, त्यांनी अमेरिकन आर्मीच्या सर्व्हायव्हल ट्रेनिंगमध्ये, जिथे पकडून खोटी पण भयानक चौकशी करतात, तिथे सैनिकांचं रक्त तपासलं. भीतीचे हार्मोन्स स्पेशल फोर्सेसवाल्यांचेही वाढतात, ते काही दगड नसतात. पण त्यांच्यात न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं एक द्रव्य बाकीच्यांपेक्षा जास्त सापडलं, जे त्या धडधडीला ब्रेक लावतं असं समजतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची लेव्हल जागेवर आलेली होती, बाकीच्यांची मात्र नेहमीपेक्षाही खाली गेलेली. आता ते जन्मतः जास्त होतं का ट्रेनिंगमुळे झालं हे त्यातून ठरत नाही, म्हणजे तुझा प्रश्न तिथेच राहिला, सॉरी.

ट्रॅफिकसाठी: चार आकडे श्वास आत, चार थांब, चार बाहेर, चार थांब. अमेरिकन नेव्ही सील्स कमांडोंच्या नावावर खपवतात, पण आजी प्राणायाम करायची तेव्हा हसायचो आपण.

फौजीची_लेक
माझे बाबा पॅरा एसएफमधून 17 वर्षांनी हवालदार म्हणून पेन्शनला आले, मी सहावीत होते. तुम्ही सगळे प्रेमानेच लिहिताय म्हणून राग नाही, पण घरातून बघितलेलं सांगते. फटाक्यांना बाबा अजिबात दचकत नाहीत, ते सिनेमात असतं. पण बँकेत एका फॉर्मसाठी चार खिडक्या फिरवलं की घरी येऊन दोन दिवस बोलत नाहीत. हॉटेलात गेलो तर दाराकडे तोंड असलेली खुर्चीच लागते, नाही मिळाली तर पार्सल.

आल्यावर पहिली नोकरी मॉलमध्ये सिक्युरिटीची, बारा तास उभं. लोकांना कळलं की कमांडो होते की सेल्फी, आणि मग ठरलेला प्रश्न, काका किती मारले? पाहुण्यांच्या लग्नात, अगदी जेवणाच्या पंगतीत विचारलंय. बाबा हसून "भात वाढा" म्हणतात. गुडघ्याचं दुखणं त्यांनी तीन वर्षं आईला पण सांगितलं नव्हतं, का तर कमांडोचा गुडघा दुखतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील. तुमच्या काकांना भाषण नको असेल तर प्लीज सोडा त्यांना.

खडूस_खोपोलीकर
वरच्या ताईंना +1. आमच्या कंपनीत एकाला बोलावलं होतं, प्रेशरमध्ये डिसिजन कसे घ्यायचे म्हणून, दीड तास गोळीबाराच्या गोष्टी आणि शेवटी काय तर टार्गेट पूर्ण करा 😂 तो माणूस भला होता, बिचाऱ्याला एचआरने स्लाइड्स करून दिलेल्या. बलिदान बॅजचे (पॅरा एसएफचं मानचिन्ह) स्टिकर तर आता स्कूटरवर पण दिसतात, 2019 ला धोनीच्या ग्लोव्हजवर दिसला आणि आयसीसीने काढायला लावला तेव्हापासून तर पीकच आलंय. जो बॅज मिळवायला जीव काढतात तो आपण रस्त्याकडेला स्टिकरवाल्याकडून घेतो.

कौतुक करायचंच तर प्रवीण तेवतियांचं करा. 26/11 ला ताजमध्ये मार्कोसच्या (नौदलाचे कमांडो) टीममध्ये पुढे होते, गोळ्या लागल्या, फुफ्फुस गेलं कामातून, शौर्य चक्र मिळालं. आणि 2017 ला लडाखमधली 72 किमीची खारदुंगला रेस पळाले. मला खोपोलीचा घाट चढताना धाप लागते.

वाकडचा_वाटसरू
सगळ्यांना धन्यवाद. चेअरमनना सांगितलं भाषण रद्द, पण ते म्हणतात बॅनर छापून झालाय. शेवटी मीच काकांकडे गेलो तर म्हणाले भाषण नाही, पण रविवारी एक जुना सिलेंडर आणि चार गोणपाटं आण, पार्किंगच्या मागे मोकळ्या जागेत सगळ्यांकडून एकेकदा करून घेतो, सेक्रेटरी पहिला.

@पेन्शनर_मराठा लंगरमध्ये गोणपाटच वापरायचे का फायर ब्लँकेट? ऑनलाइन बघितलं तर वेगवेगळ्या साइजची आहेत, कळत नाहीये.

पेन्शनर_मराठा
गोणपाट. सुती किंवा तागाचं, प्लॅस्टिकचं अजिबात नको, आजकाल बटाटे त्यातच येतात. आणि नीट निथळेपर्यंत भिजव. आधी अग्निशमन केंद्रात फोन करून विचार, सोसायट्यांना डेमो देतात ते, त्यांचा माणूस असला तर काकांनाही बरं.