चुरस नाही, वारा हरवलाय

‘शिडाच्या होड्या पाण्यावरून उडायला लागल्या आणि शर्यतीतली चुरस संपली’ हे एकाचं मत वाचलं, पण काही पटलं नाही बुवा. २०१३ चा अमेरिका कप, म्हणजे शिडाच्या होड्यांची ती मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत, आठवा. फॉइलवर, म्हणजे होडीला पाण्याबाहेर उचलणाऱ्या पाण्याखालच्या पंखांवर, उडणाऱ्याच कॅटमरान (दोन सांगाड्यांच्या होड्या), न्यूझीलंड ८-१ ने पुढे, आणि शेवटी अमेरिकेची ओरॅकल टीम ९-८ ने जिंकली! आणखी किती चुरस हवी?

मला खटकतं ते वेगळंच. २०२४ ला बार्सिलोनात याच कपच्या शर्यतीत दर होडीवर चौघं जण मान खाली घालून नुसते पेडल मारत होते, शिडं फिरवायला लागणारी ताकद पुरवायला. इकडे दिवाळे कोळीवाड्यात आमचे आजोबा आधी गाल वळवून वारा बघायचे, मग शिडाच्या दोरीला हात लावायचे. त्या चौघांना वारा दिसत तरी असेल का?