मदत हवी आहे: बांगलादेशी शर्टांच्या आयातीची आकडेवारी

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आमचं शर्ट-पँट शिवण्याचं छोटं युनिट आहे. गणवेशाचा हंगाम जूनपर्यंत. पुढचे महिने पुरुषांच्या कॅज्युअल शर्टांवर निघायचे. ते काम आता आटत चाललंय. नेहमीचे व्यापारी आमचा शर्ट उलटा करून शिवण बघतात, 'फिनिशिंग झकास' म्हणतात आणि शेजारी बांगलादेशचं लेबल असलेला शर्ट ठेवतात. त्याचा भाव ऐकला की कापड, कटिंग, काज-बटण, इस्त्री यांची बेरीजच जुळत नाही. नफा तर सोडाच.

तिकडच्या कपड्यांना २०११ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे, हे माहीत आहे. मे २०२५ मध्ये सरकारने जमिनीवरून येणारे तयार कपडे बंद केले, फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरं खुली ठेवली. तेव्हा वाटलं, जरा उसंत मिळेल. (न्हावाशेवा म्हणजे आमच्याच दारात की!)

वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर एचएसएन ६२०५ चे (म्हणजे पुरुषांच्या विणलेल्या कापडाच्या शर्टांच्या सीमाशुल्क-कोडचे) देशवार आकडे मिळतात. मला बंदरवार आणि महिनावार हवेत. कुठे मिळतील?

दुसरं, स्वस्त माल म्हणजे डंपिंग (स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा कमी दरात इकडे माल विकणं) नव्हे, एवढं कळतं. पण आयात अचानक वाढल्याबद्दल डीजीटीआरकडे (वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय) सेफगार्ड ड्युटीचा, म्हणजे देशी उद्योग वाचवायला आयातीवर लावायच्या तात्पुरत्या जादा शुल्काचा, अर्ज करायचा, तर आमच्यासारख्या लहान युनिटांनी एकत्र येऊन तो करता येतो का? कोणी केला असेल तर कागदपत्रं काय लागली आणि वकिलाचा खर्च किती आला, तेही सांगा.