तुमचं चालान कधी फाटलंय का? (कॅमेरा, स्पीड, पडझड, सगळे अनुभव चालतील)

रामबागची_मावशी: काल लेकाच्या फोनवर चालान आलं, सोबत फोटो. गाडी त्याची, पण फोटोत ठसठशीत मीच! मागे बसलेली, मांडीवर श्रीखंडाचा डबा, डोक्यावर हेल्मेटच्या जागी पदर. सून म्हणे आई फोटो छान आलाय, स्टेटसला ठेवा. हसून झालं आणि एकदम बाबांची लॅम्ब्रेटा आठवली. ८३-८४ असेल, इंदौरच्या राजवाड्याजवळ शिपायाने थांबवलं, बोलला काहीच नाही, खाली वाकून चाकाची हवा सोडली. तो फुस्स आवाज अजून कानात आहे. मग रामबागेपर्यंत ढकलत आलो, रस्त्यात जो भेटेल तो "काय मास्तर, पंक्चर का?" बाबा "हो". घरी आईलाही पंक्चरच सांगितलं 😀 पण त्या चौराह्यावर पुढे जन्मभर त्यांची स्कूटर मुंगीच्या चालीने. तुमचं काय काय झालंय, लिहा.

पोहे_जलेबी: मावशी श्रीखंड घरचं की विकतचं?

चष्मिष: माझी स्कूटी आठ दिवस अंगणात आजारी पडलेली आणि चालान दुसऱ्याच टोकाच्या सिग्नलचं. फोटो मोठा करून बघितला तर त्या गाडीच्या नंबरातला ३ मातीने अर्धा झाकलेला, मशीनने ८ वाचला. तीन चकरा, दोन अर्ज, तेव्हा रद्द झालं. तेवढ्या चकरांच्या पेट्रोलमध्ये दंड भरून झाला असता.

बडोद्याचा_बाळ: आमच्याकडे चालान नाही म्हणत, मेमो. "मेमो आव्यो" म्हटलं की घरात सुतक. एक्सप्रेसवेवर अहमदाबादेहून परत येताना भावोजींची पद्धत, कॅमेरा दिसला की ब्रेक, गेला की परत पाय खाली. मागे बसून मला गाडी लागते.

गंधार: @बाळ भावोजींना सांगा, पुण्याकडच्या एक्सप्रेसवेवर जाऊ नका 😄 तिथे २०२४ पासून नवीन सिस्टीम आहे, दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर आणि लागलेला वेळ यावरून सरासरी काढतात, मधे ब्रेक मारून काही होत नाही. आणि गंमत म्हणजे स्पीड कॅमेऱ्याचा बाप कोण, तर हॉलंडचा गॅट्सोनाइड्स, १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला रेसवाला! वळणावर आपलाच स्पीड मोजायला, म्हणजे अजून जोरात जाता यावं म्हणून यंत्र बनवलं आणि दुनियेचे चालान फाटायला लागले.

चष्मिष: म्हणजे शिव्या त्याला.

सुलू_तिलकनगर: कॅमेरे बरेच म्हणायचे, आमच्या गल्लीत लोकांनी स्वतःच स्पीड ब्रेकर घातलाय, ना पट्टे ना बोर्ड, उंची तुळशीवृंदावनाएवढी. सासूबाई रिक्षात उडून परत सीटवर आदळल्या, मणका दबला, दीड महिना पट्टा. आणि ज्याच्या बाइकसाठी घातला तो पोरगा कडेच्या फटीतून काढतो ना!! कुकर झाला, येते

इंदौरी_भाऊ: १ ऑगस्ट २०२५ ला कलेक्टरचा ऑर्डर लागू झाला, हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही. मी लाइनीत. पुढच्याने मागच्याला हेल्मेट दिलं, त्याने त्याच्या मागच्याला, माझ्यापर्यंत आलं तेव्हा आतून ओलं होतं भिया. त्याच संध्याकाळी नवीन घेतलं. पोलिसांच्या भीतीने नाही, किळस आली म्हणून.

रामबागची_मावशी: ईऽऽ 😂 पोहे_जलेबी, घरचं. चक्का रात्रभर टांगलेला.

विद्या_आर: वाचून राहिली होती, लिहू की नको असं झालं. २०११ मध्ये बायपासवर माझा धाकटा भाऊ गेला. जोरात तो नव्हता, समोरचा होता. तिथून जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने मागून सांगितलं की बराच वेळ लोक गोल करून उभे होते, पोलीस आपल्यालाच धरतील म्हणून कोणी हात लावला नाही. शेवटी त्या ट्रकवाल्यानेच उचललं. आता कायदा आहे, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ, मदत करणाऱ्याला नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. माझ्या शाळेत दरवर्षी मुलांना पाठ करायला लावते.

सुलू_तिलकनगर: विद्याताई 🙏 काय बोलू.

गंधार: ताई, कलमाचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. आमच्याकडे कोणालाच माहीत नाही हे.

पोहे_जलेबी: हायकोर्टाच्या चौराह्यावर शिपाई रणजीत सिंग मूनवॉक करत ट्रॅफिक सांभाळायचा तेव्हा आमचे दादा, वय ७१, सिग्नल हिरवा झाला तरी थांबून बघायचे. मागून हॉर्नचा जाळ. ते म्हणत एवढा नाचतोय बिचारा, लाइन कशी तोडायची.

बडोद्याचा_बाळ: भावोजींना धागा दाखवला. म्हणतात सरासरीचं माहीत होतं, मधे चहाला थांबायचं.

गंधार: 🤦 गाडी कुठे थांबवणार, एक्सप्रेसवेवर?

बडोद्याचा_बाळ: तेच विचारलं. आता बहिणीशी बोलून राहिलेत, मोठ्या आवाजात.

रामबागची_मावशी: लेकाने दंड भरला. माझ्यासाठी हेल्मेट आणलंय, गुलाबी. अंबाडा आत मावत नाहीये, कोणाकडे उपाय?

सुलू_तिलकनगर: खाली मानेवर वेणी घाला. आणि चक्क्याला दूध कोणतं घेता?