एकट्या माणसाला देवाधर्माचा आधार खरोखर होतो का?

सुदामानगर, इंदूर
सप्रेम नमस्कार. मी ४३ वर्षांची अविवाहित स्त्री असून गेल्या वर्षी आई गेल्यापासून घरात एकटीच राहते. नोकरी आहे, प्रकृती बरी आहे, भाऊ पुण्याहून नियमित फोन करतो. परंतु शनिवारी कार्यालयातून परतल्यावर सोमवारपर्यंत कोणाशी धड बोलणे होत नाही आणि रविवार तर जाता जात नाही. नातेवाईक म्हणतात, “देवाधर्मात मन रमव.” दर बुधवारी मी खजराण्याच्या गणपतीला जाते. दर्शनाने मन शांत होते हे खरे, पण तेवढ्या गर्दीतही माझ्याशी कोणी बोललेले नसते आणि घरी आल्यावर पुन्हा तेच. माझी श्रद्धा कमी पडते आहे, की एकटेपणावर हा उपायच नव्हे? अविवाहित, विधुर, विधवा, घटस्फोटित अशा मंडळींनी आपला अनुभव सांगावा. लग्नाचा सल्ला मात्र कृपया देऊ नये.

रामबागेतील निवृत्त शिक्षक
ताई, श्रद्धा कमी पडते असे मनातही आणू नका. दर्शनाच्या रांगेत प्रत्येक जण देवापुढे एकटाच उभा असतो. तिथे सोबत मिळावी अशी अपेक्षाच चुकीची आहे. चायून लिम आणि रॉबर्ट पटनम या समाजशास्त्रज्ञांनी २०१० साली अमेरिकेतील चर्चमध्ये जाणाऱ्यांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नियमित जाणारे लोक अधिक समाधानी असतात, पण ज्यांचे तिथे मित्र असतात तेच, असा त्याचा निष्कर्ष होता. देश आणि धर्म वेगळा असला तरी माझा अनुभव याहून निराळा नाही.

पत्नी गेल्यावर मी घरी एकट्याने पोथी वाचत असे. त्याने रात्र सरायची, इतकेच. पुढे ओळखीच्या एका घरी गुरुवारी होणाऱ्या करुणात्रिपदीला जाऊ लागलो. वासुदेवानंद सरस्वतींची दत्तगुरूंना आळवणारी ही तीन पदे इथले संत नानामहाराज तराणेकर यांच्यामुळे इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत रुळली आहेत. तिथे सतरंज्या अंथरणे आणि आरतीनंतर झांजा मोजून पेटीत ठेवणे हे काम आपसूक माझ्याकडे आले. एका गुरुवारी तापामुळे जाता आले नाही, तर आरती आटोपताच दोघे जण प्रसादाचा डबा घेऊन दारात हजर झाले आणि झांजांच्या पेटीची किल्ली कुठे ठेवली आहे, असे विचारू लागले. आपण गेलो नाही तर कोणाचे तरी अडते, हे मला पोथीने दिले नव्हते.

राजेंद्रनगर
काकांचे म्हणणे पटते. तरी पुरुषाला जी जागा सहज मिळते ती एकट्या बाईला मिळतेच असे नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. मी घटस्फोटित आहे. एका हळदीकुंकवाला माझी ओटी भरावी की नाही, यावर माझ्यादेखत कुजबुज झाली. सत्यनारायणाला जोडपेच बसवतात. विधुराला निदान कनवटीला सुपारी खोचून पूजेला बसता येते, बाईसाठी अशी सोय कोणी सहसा काढत नाही. ज्या परंपरेने मुक्ताबाई आणि समर्थ रामदास या अविवाहितांना डोक्यावर घेतले, तिनेच घरातल्या अविवाहित माणसाला पंगतीच्या कडेला बसवावे, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून ताई, जिथे सवाष्ण असण्यावर मान ठरतो असे कार्यक्रम खुशाल टाळा आणि एखादे भजनी मंडळ गाठा. तिथे सूर आणि ठेका सांभाळणारी बाई हवी असते. तिच्या गळ्यात काय आहे हे कोणी पाहत नाही.

एक समुपदेशक
वरील दोन्ही अनुभव मोलाचे आहेत, त्यात थोडी भर घालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि तरुणांमध्ये हे प्रमाण अधिक आहे. तेव्हा हा अविवाहितपणाचा दोष समजू नये. मात्र आई जाऊन वर्ष होत आले तरी झोप लागत नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे वारंवार वाटत असेल, तर त्यावर भजन आणि सत्संग पुरे पडत नाहीत, डॉक्टरांनाच भेटले पाहिजे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य चालते. श्रद्धाळू माणसे कित्येकदा “देवावर भार टाकला आहे” असे म्हणत हे दुखणे अंगावर काढतात. तसे करू नये.

सुदामानगर, इंदूर
सर्वांचे मनापासून आभार. झोप आणि जेवण व्यवस्थित आहे, त्यामुळे काळजी नसावी. काका, मला त्रिपदी पाठ नाही आणि आवाजही बेताचाच आहे. तरी गुरुवारी आले तर चालेल का?

रामबागेतील निवृत्त शिक्षक
अवश्य या. सायंकाळी सातला सुरुवात होते, पदांची पुस्तिका तिथेच मिळते. पत्ता खासगी निरोपात कळवतो. जरा आधी आलात तर बरे. सतरंज्या दोघांनी अंथरलेल्या सोप्या पडतात.