ठाण्याच्या घोडबंदरला बिबट्या : पिंजरा लावा म्हणणाऱ्यांना विचारायचंय

कासारवडवलीकर
परवा रात्री पावणेतीनला आमच्या मागच्या गेटच्या सीसीटीव्हीत बिबट्या आला. भिंतीवरून उतरला, कचऱ्याच्या ड्रमापाशी झोपलेल्या कुत्र्यांकडे बघत मिनिटभर उभा राहिला आणि आला तसा गेला. सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच, पिंजरा लावा, नगरसेवकाला फोन करा. मला हे पटत नाही. २००४ आठवतंय का कुणाला? आपल्या मागच्या संजय गांधी नॅशनल पार्कच्या आजूबाजूला बिबट्यांच्या हल्ल्यात एका वर्षात किती माणसं गेली, आणि त्याच काळात बाहेर पकडलेले बिबटे आणून इथल्या जंगलात सोडले जात होते. अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं, आणि इथला एक उचलला की त्याच्या जागी दुसरा येतोच. तो येतो कुत्र्यांसाठी आणि कुत्री येतात आपल्या उघड्या ओल्या कचऱ्यासाठी. ड्रमला झाकण लावा हे मी तीन मीटिंगमध्ये बोलले, दरवेळी विषय पार्किंगवर गेला.

बी_विंग_बाबा
ताई मी तुमच्याच सोसायटीतला, पिंजऱ्याचा अर्ज मीच केलाय. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे, संध्याकाळी खाली खेळते. मुंबईच्या आरे कॉलनीत २०२२ च्या दिवाळीला पहाटे आईच्या मागे घराबाहेर आलेलं दीड वर्षाचं बाळ बिबट्याच्या हल्ल्यात गेलं, त्या आईला सांगाल का झाकणाचं? जंगलात घुसलात असं आम्हाला सगळे ऐकवतात, पण मी सगळ्या परवानग्या बघून, वीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतलंय. परवानगी देणाऱ्याला कोणी विचारत नाही. आधी माणूस, मग बिबट्या, यावर मी ठाम आहे.

नियम_बघा
पिंजरा सोसायटीच्या ठरावावर लागत नाही हो. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्युल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, माणसाच्या जिवाला धोका झालाय असं मुख्य वन्यजीव रक्षकांना पटलं तरच पकडायची परवानगी मिळते. नुसता दिसला म्हणून नाही.

येऊरचा
दोघांचं वाचलं. मी येऊरच्या जंगलातल्या आदिवासी पाड्यावरचा, आमच्याकडे वाघोबा देवाला नारळ देतात, आजी त्याचं नाव घेताना आवाज खाली आणायची. म्हणून आम्हाला भीती नाही असं शहरातले लोक समजतात, फोटो काढतात, किती छान सहजीवन म्हणतात. भीती आहे हो. रात्री संडासला बाहेर जावं लागतं, बायका दोघी-दोघी टॉर्च घेऊन जातात, एक बसते आणि दुसरी झाडीकडे उजेड मारत उभी राहते. दिव्याच्या खांबासाठी अर्ज केला तर उत्तर आलं वनहद्द आहे. आणि त्याच रस्त्याला बंगल्यात रात्री दोनपर्यंत डीजे, खेळायच्या टर्फवर दिवसासारखा उजेड, तिथे वीज कशी पोचली? तुमच्या कॅमेऱ्यात एकदा दिसला तर साहेब येतात, चॅनलवाले येतात. आमची शेळी नेली तर पंचनाम्याला माणूस यायला दोन दिवस लागले, मीच तिच्यावर गोणपाट टाकून राखत बसलो होतो.

बी_विंग_बाबा
दादा, हे माहीत नव्हतं. पण यावरून तरी माझंच म्हणणं खरं ठरतं ना, त्रास तुम्हालाही आहे, मग तुम्ही पिंजरा का मागत नाही?

येऊरचा
आधी खांब मागतोय. पिंजरा काय, आज लावतील उद्या उचलून नेतील, अंधार तिथेच.

कासारवडवलीकर
बाबा, तुमच्या भीतीला मी खोटं म्हणत नाहीये, माझाही मुलगा क्लासवरून नऊला येतो. रविवारी मीटिंगला या, झाकणाचे सहा ड्रम आणि मागच्या गेटला दिवा एवढंच मांडते. येऊरच्या दादा, खांबाच्या अर्जाचा फोटो टाका, सोसायटीच्या लेटरहेडवर सोबत पत्र द्यायचं तेही मांडते.

बी_विंग_बाबा
येतो. ड्रमला हात वर करीन, दादांच्या पत्रावर सहीपण करीन. पिंजऱ्याचा अर्ज मात्र मी मागे घेणार नाही.