केंब्रिजचा तो वाद आणि आपलं ‘कष्टाने वर आलो’

सातपुडा
परवा अमेरिकेतल्या एडिसनकर यांनी लिहिलं, “बकलीचं चुकलं काय? काळ्यांनी रडगाणं सोडून अभ्यासाला लागावं. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, कुणापुढे हात पसरला नाही.” वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

१८ फेब्रुवारी १९६५, केंब्रिज युनियन. ठराव असा, की अमेरिकन स्वप्न काळ्यांच्या जिवावर उभं आहे. बाजूने काळा लेखक जेम्स बॉल्डविन, विरोधात उजव्या विचारांचा संपादक विल्यम बकली. बॉल्डविन म्हणाला, कापूस मी वेचला, बाजारात मी नेला, रेल्वे मी बांधली, दुसऱ्याच्या चाबकाखाली, फुकट. ५४४ विरुद्ध १६४ मतांनी ठराव पास झाला. त्याच रात्री अलाबामातल्या मॅरियन गावी मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्च्यात जिमी ली जॅक्सनला पोलिसाची गोळी लागली. आठ दिवसांनी तो गेला. त्याच्याच मृत्यूतून सेल्माचा मोर्चा निघाला, ज्यात पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना मारलं.

आता तुमच्या बॅगांबद्दल. १९२३ मध्ये पंजाबातून गेलेल्या भगतसिंग थिंड यांना ते ‘गोरे’ नाहीत म्हणून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने नागरिकत्व नाकारलं. १९४६ च्या कायद्याने तिथे स्थायिक व्हायला अख्ख्या भारताला वर्षाला १०० जागा मिळाल्या. दार खरं उघडलं ते ३ ऑक्टोबर १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. ज्या संसदेने ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा केला, तिनेच हाही केला. ती माणसं रस्त्यावर मार खात नसती तर तुमच्या बॅगा सांताक्रूझ विमानतळावरच राहिल्या असत्या.

एडिसनकर
इतिहास मलाही येतो. ऋण मान्य. पण ते माझ्या मुलाने का फेडायचं? हार्वर्डच्या प्रवेशांवरच्या खटल्यात काय बाहेर आलं ते वाचा. आशियाई मुलांना मार्क उत्तम, पण ‘व्यक्तिमत्त्वा’च्या रकान्यात सगळ्यात कमी गुण. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वंश बघून प्रवेश देण्याची ती पद्धत मोडीत काढली. माझा मुलगा त्याआधीचा. शाळेत पहिला, रोबोटिक्सच्या टीमचा कॅप्टन, आणि हव्या त्या कॉलेजातून नकार. महिनाभर खोलीबाहेर आला नाही. त्याला बॉल्डविन वाचून दाखवू?

निशिगंधा
मुलाचं वाईट वाटलं, मनापासून. पण दादा, आपल्याला वर्णावरून कुणी कमी गुण दिले की आपण कोर्टापर्यंतच्या गोष्टी करतो, आणि आपण काय करतो? इथल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या जेवणाला एका काकूंनी आडनाव विचारलं, मग गाव, मग “म्हणजे तुम्ही कुठले?” मी सांगितलं. पुढच्या वर्षी नैवेद्याच्या स्वयंपाकाच्या यादीत माझं नाव नव्हतं.

एडिसनकर
झालं! विषय काळ्या-गोऱ्यांचा, आला जातीवर. एका बाईने आडनाव विचारलं म्हणून आख्खा समाज आरोपी? याच मानसिकतेतून फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने जातीभेदबंदीचा ठराव केला. उद्या ऑफिसात प्रत्येक हिंदू मॅनेजरकडे संशयाने बघणार. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसाच कायदा ऑक्टोबरमध्ये परत पाठवला, बरं केलं.

रामटेक
गव्हर्नर न्यूसम काय म्हणाले तेही सांगा की. जातीभेद होत नाही असं नव्हे, सध्याच्या कायद्यात तो आधीच बेकायदा आहे असं म्हणाले.

आणि हा विषय बाहेरचा नाही. जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, कारण काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज दिल्याचं त्यांना कळलं होतं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझे वडील त्या मोर्च्यांत होते. वरळीच्या दंगलीत त्यांच्या डोक्याला सात टाके पडले. आमच्या घरात सेल्मा म्हणजे परदेश नव्हता.

एडिसनकर
वडिलांबद्दल आदर आहे. पण मी कुणाच्या डोक्यात दगड घातला? माझे आजोबा कोकणात भिक्षुकी करायचे. घरात दोन वेळचं धड नव्हतं. ‘विशेषाधिकार’ हा शब्द ऐकला की अंगाची आग होते.

सातपुडा
गरिबी खरीच. पण आजोबांना गावच्या विहिरीवर कुणी अडवलं होतं का? तेवढंच सांगा.

एडिसनकर
नाही.

पण हा प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार नाही. तुम्ही पुण्यात बसून अमेरिकेला शहाणपण शिकवता, इथे आमच्या दुकानांवर चोऱ्या होतात तेव्हा कुठे असता?

निशिगंधा
मी इथेच असते, न्यू जर्सीतच. चोऱ्यांवर वेगळं लिहा, मी येईन बोलायला. सध्या बकलीवर या. १९५७ मध्ये त्याच्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने लिहिलं होतं, की गोरे संख्येने कमी असतील तिथेही दक्षिणेत त्यांचंच चालावं, कारण तूर्त ते पुढारलेले आहेत. यात चुकलं काय, असं तुम्ही विचारलंत.

एडिसनकर
ते वाक्य वाईट आहे. मान्य. पण माणूस बदलला ना. २००४ मध्ये त्याने स्वतःच सांगितलं, की जिम क्रो, म्हणजे दक्षिणेतले काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे, आपोआप सरेल हा आपला समज चुकला, केंद्राने हस्तक्षेप करणं गरजेचं होतं. एवढा मोकळेपणा तुमच्या बाजूच्या कुणी दाखवलाय?

रामटेक
४७ वर्षांनी. तोवर सेल्माच्या पुलावर मार खाल्लेली कितीतरी माणसं गेली होती. आणि ज्याचा दाखला तुम्ही देताय, त्यानेच शेवटी हस्तक्षेप हवा होता म्हटलं. मग कॅलिफोर्नियाच्या कायद्याला विरोध कशाच्या जोरावर करताय?

एडिसनकर
ते वेगळं आहे. उद्या लिहितो. आणि निशिगंधाताई, त्या मंडळाचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा. आमच्या समितीत तरी मी हे होऊ देणार नाही.

निशिगंधा
कळवते. पण “ते वेगळं आहे” कसं, ते इथेच सगळ्यांसमोर लिहा.